नक्कल कुठं ठेवायची

माझी अक्का वालूरला असते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर आणि भिंतीला लागून एक बाकडं. गावातल्या लोकांचे अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं ती टाईप करून देते. आलेला माणूस आधी बाकड्यावर टेकतो, पाणी पितो, मग आपलं गाऱ्हाणं सुरू करतो. ते विहिरीवरून निघून चुलतभावाच्या लग्नापर्यंत गेलं तरी अक्का त्याला मधे तोडत नाही. शेवटी विचारते, "म्हणजे विहिरीची नोंद लावून पाहिजे तुमाला, व्हय ना?" माणूस मान हलवतो आणि तिची बोटं चालू होतात.

मी तिचा धाकटा भाऊ. परभणीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. स्वभावानं तापट. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली की माझं डोकं सणकतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं ते ह्या सणकीतून घडलं, आणि त्या सणकीला मी बरीच वर्षं तत्त्व म्हणत होतो.

लॅबचं काम पोटापुरतं. माझा जीव अडकला होता तो एका कन्व्हर्टरमध्ये. जुन्या कॉम्प्युटरवर मराठी टाईप केलं की पडद्यावर मराठी दिसायचं, पण फाईलीच्या आत इंग्रजी चिन्हंच साठलेली असायची. तो विशिष्ट फॉन्ट असला तर मराठी, नसला तर नुसता कचरा. असे कितीतरी फॉन्ट, आणि प्रत्येकाची चिन्हं वेगळी. आमचा कन्व्हर्टर ती चिन्हं ओळखून त्यांचं युनिकोड, म्हणजे आज कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं मराठी, करून द्यायचा. ओपन सोर्स होता तो. कोड सगळ्यांना उघडा, कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. करणारे आम्ही सात-आठ जण, लांब लांब पसरलेले, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट राबणारे.

मी त्यात शिरलो तो एक प्रश्न घेऊन. त्यांच्या फोरमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या पानावर, लांबलचक प्रश्न लिहिला, आणि उत्तर आलं एका ओळीचं. डॉक्युमेंटेशन वाचा, म्हणजे कन्व्हर्टरसोबतचं माहितीपत्रक. अंगाचा तिळपापड झाला माझा. पण मग हट्टाला पेटलो. रोज लॅब सुटल्यावर तिथंच बसून ते न कळणारं माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचलं, कोड उघडून ओळ न् ओळ पाहिली, आणि तीन आठवड्यांनी उत्तर माझं मलाच सापडलं. त्या दिवशी जो आनंद झाला तो नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता. पुढं मीच त्या फोरमवर उत्तरं देणारा झालो. मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही, असं मी तिथं लय वेळा लिहिलं. छाती काढून लिहिलं.

ते खोटं होतं. मी नववीत असताना अक्का सेलूला टायपिंगच्या क्लासात शिकवायची. संध्याकाळी क्लास रिकामा झाला की ती मला मशीनसमोर बसवायची आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवायची. माझी करंगळी कायम घसरायची. ती म्हणायची, "पुन्यांदा." मी चिडायचो, ती चिडायची नाही. पुन्यांदा, पुन्यांदा, असं करत करत माझा हात बसला. मराठीची अक्षरं कळफलकावर कुठं असतात हे माझ्या बोटांना माहीत होतं, म्हणून तर मला त्या कन्व्हर्टरचा कोड कळला. पण फोरमवर छाती काढताना मला अक्काची बोटं कधी आठवली नाहीत.

तिची आणखी एक सवय सांगायला पाहिजे. कार्बन लावल्याशिवाय तिनं कधी कागद मशीनला चढवला नाही. कुणी घाईत असलं आणि म्हणालं, "राहू द्या बाई, एकच पुरे," तरी ती ऐकायची नाही. म्हणायची, "नक्कल असल्याबिगर अर्ज न्हाई." टाईप झालं की मूळ कागद आणि त्याच्या पाठीला नक्कल, दोन्ही एका टाचणीत. माणूस न्यायला येईपर्यंत ते तसेच एकत्र राहायचे, म्हणजे शोधाशोध नको. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला तरी ही सवय गेली नाही.

माय शेवटची तीन वर्षं अक्काकडं होती. खरं तर माझ्याकडं असायला पाहिजे होती. पण मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि मायचे गुडघे गेलेले. खाली घर बघतो, बघतो, असं मी म्हणत राहिलो आणि ते राहूनच गेलं. वालूरला दुपारची जेवणं झाली की माय अक्काच्या टेबलाजवळ बाजेवर आडवी व्हायची. गावाचे अर्ज टाईप होताना ऐकत राहायची. एक दिवस म्हणाली, "सगळ्या गावाचं लिवतीस. माझं बी लिव की."

मायला अक्षर येत नव्हतं. अक्कानं तिचं लिहायला घेतलं. रोज दुपारी अर्धा तास, माय बोलायची आणि अक्का टाईप करायची. जसं बोलली तसंच. अक्काला शुद्ध मराठीची इतकी सवय, तिचा हात आपोआप 'आहे' टाईप करायला जायचा, तो ती मागं घेऊन 'हाय' करायची. माय चारठाण्याची, माहेरी मेंढरं होती. मेंढरामागं जाता जाता मी मोजायला शिकले, वीसपतुर, पुढं परत एकपासून, असं तिनं पहिल्याच पानावर सांगितलंय. एका फाईलीत हे सगळं साठत गेलं. तीन वर्षांत दीडशेच्या आसपास पानं झाली.

एकदा अक्काचा फोन आला. म्हणाली, "आज तुझं पान आलंय. तू झालास तवाचं. माय लय बोलली तुझ्याबद्दल. वाचून दाखवू का?"

मी तेव्हा फोरमवर एका माणसाशी भांडत होतो. म्हणालो, "छापल्यावर वाचतो की, अक्का. सगळं एकदमच वाचतो."

"बरं," ती म्हणाली.

कशावरून भांडत होतो तेही सांगतो. आमच्यात नागपूरकडच्या एक बाई होत्या, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या. त्यांनी सुचवलं होतं की नव्या माणसासाठी एक सोपं पुस्तिकेसारखं काहीतरी लिहावं. आमचं डॉक्युमेंटेशन म्हणजे दीड पान. ज्यांना आधीच कळतं त्यांनी ज्यांना आधीच कळतं त्यांच्यासाठी लिहिलेलं. बाईंनी तर मसुदाही करून आणला होता. एका माणसानं त्यांची बाजू घेतली, त्याच्याशी माझी जुंपली होती. मी लिहिलं, असं बोट धरून चालवायला लागलो तर लोक कधी स्वतःच्या पायांवर उभे राहायचे? आणि उत्तरं देणारे आम्ही चार टाळकी, आम्ही काम कधी करायचं? ह्यातलं दुसरं वाक्य खरं होतं, ते मी आजही मागं घेत नाही. तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. काही लोक तर आम्ही त्यांच्या घरचे गडी असल्यासारखे दमदाटी करायचे. आमच्यातला एक जण तान्हं लेकरू मांडीवर घेऊन उत्तरं टाईप करायचा. पण माझा राग दमण्याचा नव्हता. मला सोसावं लागलं ते दुसऱ्याला का सोसावं लागू नये, एवढाच तो राग होता. मी नकार नोंदवला, माझ्या मागं आणखी दोघांनी. मसुदा बाजूला पडला आणि थोड्या दिवसांनी बाईही दिसेनाशा झाल्या.

माय गेली. त्याबद्दल इथं लिहीत नाही, मला जमत नाही.

अक्कानं ठरवलं की वर्षश्राद्धाला मायचं पुस्तक वाटायचं. नातेवाईक, गावातल्या बाया, चारठाण्याची माणसं, सगळ्यांना एक एक. छपाईवाल्याकडं गेली तर तो म्हणाला, हा फॉन्ट आमच्याकडं चालत नाही, युनिकोड करून आणा. अक्काला आनंदच झाला. घरचाच माणूस हे करतोय म्हणाली असेल त्याला. दुपारी मला फोन केला, लॅबमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं.

"भाऊ, छपाईवाला युनिकोड मागायलाय. तुमचं ते कन्व्हर्टर कसं चालवायचं असतंय?"

"अक्का, मला फोनवर विचारू नको. फोरमवर टाक."

"तुलाच विचारलं तर न्हाई चालत व्हय?"

"न्हाई चालत. तुला एकटीला सांगितलं तर ते तुझ्यापुरतं राहतं. तिथं विचारलं की उत्तर सगळ्यांना दिसतं. नियम हाय तो."

ती म्हणाली, "बरं. नियम हाय तर तसं करते."

"आणि आधी डॉक्युमेंटेशन वाच. दीडच पान हाय. तुला येईल सगळं."

नियम खरंच होता, आणि वाईट नव्हता. ओळखीच्या माणसाला मागच्या दारानं उत्तर द्यायचं नाही, सगळ्यांनी उघड्यावर विचारायचं, हे मला फार आवडायचं. तहसीलला चिठ्ठी घेऊन आलेल्याचं काम आधी होतं आणि म्हातारा दिवसभर उन्हात बसतो, हे बघत मी वाढलोय. आमच्यात तसं चालत नाही, ह्याचा मला अभिमान होता. पण ही माझी अक्का होती, आणि परभणीहून सेलूची गाडी धरून वालूरला जायला मला अर्धा दिवस पुरला असता.

तिनं दीड पान वाचलं. कन्व्हर्टर उतरवून घेतला, कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, टाईप केली, फोल्डरचं नाव दिलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा काळ्या खिडकीत कमांड चालवली आणि ती चालली. मला हे नंतर कळलं तेव्हा अभिमान वाटला, आणि वाटला त्याचीच शरम वाटली. मराठी आलं, पण वाचता येईना. तेव्हा तिनं फोरमवर लिहिलं. तिला लिहिण्याची एकच रीत येते, त्या रीतीनं लिहिलं.

प्रति, मा. कन्व्हर्टर मंडळ यांसी. विषय: मजकुराचे रूपांतर नीट होत नसल्याबाबत. महोदय, वरील विषयी विनंती अर्ज करते की, आपल्या दीड पानात सांगितल्याप्रमाणे कमांड चालवली असता मजकूर मराठीच आला, परंतु अक्षरे ओळखीची असून शब्द ओळखीचे नाहीत. सदर मजकूर अर्जदाराच्या दिवंगत आईचा आहे. तरी मेहरबानी करून योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही नम्र विनंती.

खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला. दुसऱ्यानं लिहिलं, तलाठ्याचा शिक्का राहिला. मला कळलं ही अक्का आहे. आणि मला लाज वाटली. त्या दोघांची वाटायला पाहिजे होती, वाटली अक्काची. ही माझी बहीण आहे हे कुणाला कळू नये असं वाटलं. आणि घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून इतरांना लिहायचो त्याच्याहूनही कोरडं लिहिलं. डुप्लिकेट प्रश्न. फॉन्टचं नाव देऊन पुन्हा चालवा. डॉक्युमेंटेशन वाचून मगच विचारावे. आणि प्रश्न बंद करून टाकला. बंद केलेल्या प्रश्नाखाली परत काही लिहिता येत नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज एकदम बारीक. म्हणाली, "भाऊ, मंडळानं सांगितल्यासारखं पुन्यांदा चालवलं. मायचे सगळे शब्द गेले रे. नुसती टिंबं ऱ्हायलीत."

मी त्याच दुपारी निघालो. आता बरी गाडी सापडली, सुट्टी सापडली, सगळं सापडलं. सेलूला उतरून जीपनं वालूरला पोचलो तर बाकड्यावर दोन माणसं बसलेली आणि अक्का कधी नव्हे ते त्यांना म्हणत होती, "उद्या या, दादा. आज न्हाई जमत." ती माणसं उठली आणि मी तिच्या खुर्चीवर बसलो.

पडद्यावर पांढरं पान होतं. त्यावर पूर्णविराम, स्वल्पविराम, कुठं प्रश्नचिन्ह आणि मधे मोकळी जागा. मी खाली खाली गेलो. पानामागून पान तसंच. मायची वाक्यं कुठं संपली ते दिसत होतं, ती काय बोलली ते नव्हतं. ती लहान लहान वाक्यं बोलायची, त्यामुळे पूर्णविराम लय होते.

"नक्कल केली नव्हतीस का?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"केली की. नकलेबिगर मी कवा काम केलंय का?"

"कुठं हाय मग?"

"ही काय, शेजारीच."

तिनं बोटानं दाखवलं. त्याच फोल्डरमध्ये, मूळ फाईलीला खेटून, नाव 'नक्कल'. मी उघडली. त्यातही टिंबं.

आमचा कन्व्हर्टर दिलेल्या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली एका दमात बदलतो, आणि बदललेला मजकूर त्याच फाईलीवर लिहितो. जुनं राहत नाही. हे दीड पानात कुठंच नव्हतं. कारण आम्हा सात-आठ जणांचं त्यात कधी काही बिघडलं नाही. फाईलीची प्रत्येक जुनी आवृत्ती राखून ठेवणारी सोय आम्ही सगळेच वापरायचो. चूक झाली की एक कमांड, आणि कालची फाईल परत. श्वास घ्या असं कुणी लिहितं का, तसं आम्ही ते लिहिलं नाही. आणि अक्कानं नक्कल ठेवली ती जन्मभर ठेवत आली तिथंच, मूळ कागदाच्या पाठीला.

पहिल्या वेळी कन्व्हर्टरनं चुकीचा फॉन्ट धरला होता. तेवढंच झालं असतं तर मी सगळं उलटं फिरवलं असतं, तासाभराचं काम. पण दुसऱ्या वेळेपर्यंत आत जुनी चिन्हं उरलीच नव्हती. आणि आमचा कन्व्हर्टर जे ओळखत नाही ते गाळून टाकतो. त्याला मायचा एकही शब्द ओळखता आला नाही. विरामचिन्हं तेवढी ओळखली.

"माझं काय चुकलं?" अक्का विचारत होती. "त्यांनी पुन्यांदा चालवा म्हणलं, मी चालवलं. कुणी मोठा सायब असंल, त्याला कळत असंल म्हणलं."

फोरमवर मी माझ्या नावानं लिहीत नाही. तिला ते माहीत नव्हतं. मला गप्प बसता आलं असतं.

"अक्का, ते मीच लिहिलं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू व्हतास ते?"

"हां."

"तुला कळलं न्हाई व्हय, मी हाय म्हणून?"

"कळलं होतं."

ती उठली, आत गेली, आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "घे. उन्हातून आलायस." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडलो, तिच्या त्या खुर्चीवर बसून, नववीतल्या पोरासारखा.

पुढचे दोन महिने मी जंग जंग पछाडलं. हार्डडिस्क काढून आणली, येतील तेवढे उपाय केले. नांदेडच्या एका दुकानात देऊन आलो. त्यातून लग्नपत्रिका निघाल्या, शेतरस्त्याचे अर्ज निघाले, कुणाकुणाची शपथपत्रं निघाली. मायचं निघालं नाही. एकाच फाईलीवर रोज नवं लिहिलं जात होतं, त्यावर दोनदा आमचा कन्व्हर्टर फिरला होता. जे राहिलं ते कागदावरचं. सुरुवातीची अकरा पानं अक्कानं मायला वाचून दाखवायला छापली होती. माय म्हणाली होती, "कागद कशाला नासवतीस, शेवटी एकदाच काढ," म्हणून तिनं पुढची छापली नाहीत. अकरावं पान संपतं ते असं: मंग त्या दिवशी मी घरातून निघाले आन. बारावं पान नाही.

वर्षश्राद्धाला ती अकरा पानं झेरॉक्स करून, टाचून वाटली. लोकांनी मांडवात बसून वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवली. चारठाण्याहून आलेली मायची धाकटी बहीण ऐकता ऐकता हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. अकरावं पान संपल्यावर ती अक्काला म्हणाली, "मंग पुढं कुटं गेली ती? वाच की." अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "एवढंच हाय, मावशी."

पाहुणे पांगल्यावर मी अक्काला विचारलं. इतके दिवस विचारायची हिंमत झाली नव्हती. म्हणालो, "माझ्या पानात काय होतं गं? तुला आठवत असेल. तू टाईप केलंस."

"आठवतं की," ती म्हणाली. सुरू झाली. "माय म्हणली, ह्यो झाला तवा..." थांबली. "तसं न्हाई. आधी म्हणली की, दिस मावळायला आलता आन..." परत थांबली. तिचे ओठ हलत होते. बोटं मांडीवर हलत होती, टाईप करताना हलतात तशी. मग मान हलवून म्हणाली, "तिनं येगळंच काही म्हणलं व्हतं. लय चांगलं म्हणलं व्हतं रे. माझ्यानं तसं सांगणं हुईना."

मी पुन्हा विचारलं नाही.

मी नागपूरकडच्या बाईंना ईमेलवर पत्र लिहिलं. घडलेलं सगळं लिहिलं, माझा नकार होता हेही लिहिलं. त्यांचा मसुदा आहे का विचारलं. दुसऱ्या दिवशी तो आला. सोबत बाईंचे चारच शब्द, "जपून ठेवला होता मी." मी उघडून बघितला. पहिल्या पानावरची पहिलीच सूचना होती: सुरू करण्याआधी फाईलची एक प्रत करा आणि ती ह्या फोल्डरच्या बाहेर, दुसऱ्या जागी ठेवा. मी हे तेव्हा वाचलं असेल की नाही, मला आठवत नाही. बहुतेक न वाचताच नकार दिला असणार. दुसऱ्यांना आधी वाचा म्हणून सांगणारा मी.

त्या मसुद्यावर मी पावसाळाभर बसलो. प्रत्येक पायरी वेगळी केली. जिथं मला 'हे तर कळतंच' असं वाटलं तिथं थांबून तेही लिहिलं. फॉन्टचं नाव कसं ओळखायचं, काळी खिडकी कशी उघडायची, चुकलं तर काय करायचं. कन्व्हर्टरचा कोडही बदलला, आता तो मूळ फाईलीला हात लावत नाही. फोरमवर एकानं लिहिलं, इतकं भरवायला लागलात तर लोक आळशी होतील. वाक्य माझंच होतं, जुनं. मी त्याला उत्तर दिलं नाही. प्रश्न बंद करायचंही मी सोडलंय.

पुस्तिका झाली तेव्हा प्रिंट काढून वालूरला गेलो. अक्काला म्हणालो, "तू वाचून बघ. तुला कळली तर सगळ्यांना कळेल." तिनं चष्मा लावला, पानं टेबलावर सरळ केली, आणि एका जुन्या लग्नपत्रिकेची फाईल घेतली. मी मागं उभा राहिलो, तोंड उघडायचं नाही असं ठरवून. पहिली सूचना वाचून ती थोडी थांबली. मग तिनं नक्कल केली आणि पेन ड्राईव्हवर ठेवली. पेन ड्राईव्ह काढून ब्लाऊजमधल्या बटव्यात टाकला. एकेका ओळीवर बोट ठेवत पुढं गेली. फॉन्टचं नाव शोधलं, कमांड टाईप केली, बटण दाबलं.

पडद्यावर पत्रिका उमटली. कुलदैवताचं नाव, वधूचं, वराचं, मांडवाचं ठिकाण, काना-मात्र्याचीही चूक नाही. पाच मिनिटं लागली असतील.

अक्कानं चष्मा काढला. पडद्याकडं बघतच म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय, भाऊ?"

"हां," मी म्हणालो. "एवढंच होतं."